वाऱ्याचा नळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या हिवाळ्यात एका रात्री माझ्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. ती लीड्सला नोकरी करते, भाड्याच्या घरात राहते. तिकडे घर उबदार ठेवण्यासाठी प्रत्येक खोलीत भिंतीलगत पत्र्याची एक पसरट पेटी बसवलेली असते. तिला रॅडिएटर म्हणतात. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी नळ्यांमधून या पेट्यांत फिरतं आणि परत बॉयलरकडे जातं. तिच्या घरातली एक पेटी गळत होती. प्लंबर आला, त्याने सगळं पाणी काढून दुरुस्ती केली, पुन्हा पाणी भरून दिलं आणि निघून गेला. आणि आता वरच्या मजल्यावरच्या पेट्या तापेनात.

ती म्हणाली, "मामू, खालून हात लावला तर चटका बसतो आणि वरून बर्फ."

मला काय कळणार? मी आपला शहापूरचा माणूस. आमच्याकडे उष्णता घरात आणावी लागत नाही, बाहेर घालवावी लागते. पण पुढचं तिनेच सांगितलं. घरमालकाने तिला बोटाएवढी एक किल्ली दिली होती. बॉयलर बंद करायचा, पेट्या निवू द्यायच्या, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळ्याला ती किल्ली लावायची, खाली फडकं धरायचं आणि किल्ली जेमतेम पाव फेरा फिरवायची. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जायचं. तिने तसं केलं. आधी नुसता फुस्स आवाज, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, मग सरळ धार. धार लागली की किल्ली उलटी फिरवून बंद. शेवटी बॉयलरवरचा काटा बघायचा. हवा गेल्याने दाब उतरलेला असतो, तो पुन्हा एक ते दीड बारपर्यंत पाणी घालून वर आणायचा. अर्ध्या तासात घर गरम.

"पण मामू," ती म्हणाली, "तो आवाज ऐकला आणि मला आपली पाइपलाइन आठवली. तो व्हॉल आठवला."

मलाही तोच आठवला होता. मुंबईला पाणी नेणारे तानशाचे मोठे नळ आमच्या तालुक्यातून जातात. त्या नळांच्या पाठीवर ठिकठिकाणी लोखंडी टोपी घातलेले उंचवटे आहेत. गावात त्यांना सरसकट व्हॉल म्हणतात. त्यांतून हवा सुटते तेव्हा अगदी तसाच आवाज येतो. फक्त हजारपट मोठा. आज मला या आवाजाचा थोडा इतिहास सांगायचा आहे.

आधी हे होतं कसं, ते पाहू. रिकामा नळ खरं तर रिकामा नसतो. तो हवेने भरलेला असतो. त्यात पाणी सोडलं की पाणी खालची जागा घेतं आणि हवा वर सरकते. नळ एकसारखा चढत गेला असेल तर हवा पुढे पुढे जाऊन शेवटी बाहेर पडते. पण नळ वर चढून पुन्हा खाली उतरला, तर त्या उंचवट्याच्या माथ्यावर हवा अडकते. पाणी तिच्या खालच्या फटीतून कसंबसं सरपटत जातं. असे चार-सहा उंचवटे एकामागून एक आले, की प्रत्येक ठिकाणची हवा पाण्याच्या जोरातला थोडा थोडा वाटा खाते. टाकी उंचावर असते, नळ कुठे फुटलेला नसतो, तोटी उघडी असते, आणि तरी पाणी येत नाही. मग माणसं एकमेकांवर संशय घेऊ लागतात. वरच्या आळीने पाणी तोडलं म्हणतात. चोर मात्र वारा असतो.

मीही या चोराच्या हाती एकदा सापडलो आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूच्या नळांसाठी गच्चीवर नवी टाकी बसवली, तेव्हा कामावर देखरेख माझ्याकडे होती. बीए झालेला माणूस म्हणून लोक अशी कामं आपल्या गळ्यात घालतात. टाकीतून येणारी नळी दरवाजावरून सरळ गेली असती तर कमानीवरची नक्षी झाकली गेली असती. मी फिटरला म्हटलं, नळी कमानीवरून वळवून ने. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं तसं केलं. दिसायला सुंदर झालं. पुढे उन्हाळ्यात टाकी एकदा पार कोरडी पडली. टँकर आला, टाकी भरली, मगरिबची अजान झाली, आणि चौदा नळांपैकी एकालाही पाणी नाही. लोक बाह्या सरसावून बसलेले. शेवटी बादल्यांनी वजू उरकला. दुसऱ्या दिवशी फिटर आला. त्याने कमानीच्या माथ्यावर, जिथे नळी सगळ्यांत उंच होती तिथे, एक टी जोडला आणि त्यातून एक बारीक नळी सरळ वर, टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर नेऊन तिचं तोंड उघडं ठेवलं. घरघर झाली आणि चौदाही नळ वाहू लागले. मला तो एवढंच म्हणाला, "साहेब, पाण्याला रस्ता दिला होता, हवेला दिला नव्हता."

हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलं नव्हतं. पण ते फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात विट्रुव्हियस नावाचा रोमन वास्तुकार होऊन गेला. त्याने वास्तुशास्त्रावर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातला आठवा खंड पाण्याला दिला. नळयोजनेत पहिल्यांदा पाणी सोडताना ते उगमाकडून अगदी हळू आणि थोडं थोडं सोडावं, असं तो बजावतो. नाहीतर नळात हवेचा असा जोर तयार होतो की दगडसुद्धा फुटतात. दोन हजार वर्षांपूर्वीची ही ताकीद आजही कुठल्याही पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला लागू पडते.

आपल्याकडेही हे ठाऊक होतं. मलिक अंबरचं नाव आपण गनिमी काव्यासाठी घेतो, जमीनमहसुलासाठी घेतो. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. शहर वसवायचं तर पाणी हवं. ते त्याने जमिनीखालून आणलं. त्या नहर-ए-अंबरीच्या वाटेवर, आणि पुढे त्या शहरात झालेल्या पाणचक्कीच्या नहरीवर, मधूनमधून उंच बांधीव खांब दिसतात. बाहेरून आलेल्या माणसाला तो एखाद्या पडक्या इमारतीचा भाग वाटतो. खरं तर पाणी त्या खांबात वर चढतं, बरोबर आलेली हवा सोडून देतं, जास्तीचा दाब उतरवतं आणि पुन्हा खाली उतरून खापरी नळाने पुढे जातं. विजापुरात आदिलशाहीच्या काळात असेच मनोरे बांधले गेले. त्यांना तिकडे गंज म्हणत. भाजलेल्या मातीचा नळ दाब फार सोसू शकत नाही. म्हणून दर थोड्या अंतरावर पाण्याला दम खायला जागा द्यावी लागे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. तो नळ म्हणजे दगडा-विटांचं बांधीव भुयारच आहे. त्यावर ठरावीक अंतराने वर उघडणारी तोंडं ठेवलेली आहेत. त्यांना पुण्यात म्हणतात उच्छ्वास. कवी म्हणून मला या शब्दाचा हेवा वाटतो. ज्या गवंड्याने किंवा कारकुनाने तो पहिल्यांदा वापरला, त्याला नळ हे एक जिवंत शरीर वाटलं असलं पाहिजे. आमच्या घरात बोलली जाणारी भाषाही याच वाटेने गेली आहे. फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीने तो घेतला आणि त्यातून दमणं आलं, दमा आला, दम धरणं आलं. माझी दादी नळ नुसता घरघरला आणि पाणी आलं नाही, की म्हणायची, "नळाला दम लागलाय. जरा थांबा."

आता तानशाकडे येतो. मुंबईला घराघरांत नळाचं पाणी मिळू लागलं ते १८६० साली विहार तलाव झाल्यावर. १८७९ मध्ये तुळशी झाला. पण गिरण्यांचं शहर वाढत होतं, ते दोन तलाव पुरेनात. मेजर हेक्टर टुलॉक या इंजिनिअरने दूरच्या तानसा खोऱ्याकडे बोट दाखवलं होतं. डब्ल्यू. जे. बी. क्लर्क यांच्या देखरेखीखाली काम झालं आणि १८९२ साली तानसा धरणाचं पाणी मुंबईला सुरू झालं. अडीच किलोमीटरहून अधिक लांबीची ती दगडी भिंत आजही उभी आहे. आटगाव स्टेशनवर उतरून तिकडे जाता येतं. धरण पाहायला लोक जातात, फोटो काढतात. त्या धरणातून निघणारा नळ मात्र कुणी पाहायला जात नाही. माझ्या मते खरी करामत तिथे आहे.

तानशापासून मुंबई जवळजवळ शंभर किलोमीटर. हे सगळं अंतर पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर जातं. क्लर्कने जिथे जमीन सोयीची होती तिथे डोंगराच्या कडेने बांधीव पाट नेला. पाटात पाणी खाली आणि हवा वर. तिथे भांडणाचं कारण नाही. पण मध्ये दऱ्या आहेत, ओढे आहेत, नद्या आहेत, ठाण्याजवळ खाडी आहे. तिथे पाट चालत नाही. तिथे ४८ इंच व्यासाचे ओतीव लोखंडाचे नळ घातले. नळ दरीत उतरतो, पलीकडे चढतो, टेकाड ओलांडतो, पुन्हा उतरतो. प्रत्येक टेकाडाचा माथा म्हणजे हवेला अडकायची जागा. म्हणून माथ्यावर हवेचा व्हॉल आणि खालच्या खोलगटात गाळ व पाणी काढून टाकायचा व्हॉल, अशी या नळांची रचना असते. आमच्या मशिदीची कमान आणि तिथल्या टेकड्या यांत प्रकार एकच, फरक आकाराचा.

पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांत तानसा योजना वाढत गेली. ७२ इंच व्यासाचे पोलादी नळ आले. त्यात माणूस उभा राहू शकतो. हिशेब करून पाहा. एवढ्या नळाच्या एका मीटर लांबीत सुमारे अडीच हजार लिटर पाणी मावतं. दुरुस्तीसाठी एक किलोमीटरचा तुकडा रिकामा केला आणि पुन्हा भरायला घेतला, तर २५ लाख लिटर हवा बाहेर घालवावी लागते. ती घाईने घालवता येत नाही. कोंडलेली हवा एका झटक्यात सुटली, तर मागून येणारा पाण्याचा लोट नळावर घणासारखा आदळतो. त्यामुळे मोठा नळ भरताना पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम फूटभर ठेवावा, असा इंजिनिअरांचा दंडक आहे. या वेगाने तानशाहून निघालेलं पाणी पूर्ण रिकाम्या नळातून मुंबईला पोचायला जवळजवळ चार दिवस लागतील. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'जलवाहिनीची दुरुस्ती पूर्ण, पाणीपुरवठा टप्प्याटप्प्याने सुरळीत' असं वाचाल, तेव्हा टप्प्याटप्प्याने या शब्दामागे ही हवा आहे हे लक्षात घ्या.

हा व्हॉल चालतो कसा? यंत्र फार साधं आहे. लोखंडी पेटीत वर एक भोक आणि आत एक पोकळ, तरंगणारा गोळा. पेटीत हवा असेल तर गोळा खाली बसतो, भोक उघडं राहतं, हवा जाते. हवा संपून पाणी वर आलं की गोळा तरंगत वर येतो आणि भोकाला बूच लावतो. माणूस लागत नाही, किल्ली लागत नाही. माझ्या भाचीला लीड्समध्ये जे हाताने करावं लागलं, ते इथे गोळा रात्रंदिवस करत असतो.

पण गोळा आणि भोक यांमध्ये वाळूचा एक कण आला, रबर झिजलं, गंज चढला, की बूच नीट बसत नाही. मग त्या फटीतून पाणी झिरपतं, कधी कारंजं उडतं. आमच्या भागातल्या पाइपलाइनचा इतिहास या झिरपण्याने लिहिलेला आहे. तालुक्यात धरणं, तालुक्यातून नळ, आणि उन्हाळ्यात नळालगतच्या पाड्यांमधल्या विहिरी कोरड्या. मग व्हॉल गळतो तिथे बायका हंडे, कळशा, प्लॅस्टिकचे कॅन घेऊन रांग लावतात. कातकरी, ठाकूर, वारली, कोळी, आगरी, कुणबी, आम्ही मुसलमान. व्हॉलपाशी सगळे एका रांगेत. धुणं तिथेच, जनावरं तिथेच, पोरांच्या आंघोळी तिथेच.

सुट्टीत मी दादीबरोबर तिच्या माहेरच्या गावी जायचो, तेव्हा हे माझं रोजचं काम होतं. धार करंगळीएवढी. एक कळशी भरायला इतका वेळ लागायचा की मी कंटाळून जायचो. एके दिवशी मी आणि दुसरा एक मुलगा व्हॉलवर चढलो आणि वरच्या फटीत काठी खुपसून गोळा खाली दाबून धरला, मग एक चपटा दगड अडकवून दिला. पाणी भसकन उडालं. सगळे भिजले, हसले. दादीचे दोन्ही हंडे निमिषात भरले. मला वाटलं, मी मोठा पराक्रम केला.

थोड्या वेळाने लाइनवर फिरणारा माणूस सायकलवरून आला. खाकी कपडे, खांद्याला लांब पाना. आम्हाला वाटलं, आता मार बसणार. बायका गप्प झाल्या. त्याने दगड काढला, पाना लावून काहीतरी केलं, धार पुन्हा करंगळीएवढी झाली. तो ती पूर्ण बंद करू शकला असता. केली नाही. मग त्याने मला जवळ बोलावून विचारलं, "हे काय आहे, माहीत आहे?"

मी म्हटलं, "पाण्याचा नळ."

"नाही रे पोरा. हा वाऱ्याचा नळ आहे. आतला वारा बाहेर काढतो. आणि लाइन रिकामी झाली की बाहेरचा वारा आत ओढतो. हे खालचं डबकं बघ. दगड अडकवून ठेवलास आणि हे डबकं इथवर चढलं, तर वाऱ्याच्या जागी हा डबकं ओढेल. मग हे पाणी कोण पिईल?"

खाली गुडघाभर चिखल होता. त्यात म्हशी बसल्या होत्या, धुण्याचा साबण होता, आणखी काय काय होतं. मी उत्तर दिलं नाही. दादीने माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, पोराचं चुकलं. पण पाण्याचा नळ कुठे आहे ते तरी सांगा, तिथे जातो."

तो काही बोलला नाही. सायकलवर बसून पुढच्या व्हॉलकडे गेला. इतकी वर्षं मी या दोन वाक्यांमध्ये अडकलेला आहे. दोघंही खरं बोलत होते.

लाइनवाल्याचं खरं आधी सांगतो. व्हॉलचं अर्धं काम हवा बाहेर सोडण्याचं, तर अर्धं हवा आत घेण्याचं असतं. खोलगटात नळ फुटला किंवा मुद्दाम रिकामा केला, की पाणी उताराने धावत सुटतं आणि मागे पोकळी करतं. त्या वेळी वरून हवा आत आली नाही, तर बाहेरची हवा दर चौरस मीटरला दहा टनांपर्यंतच्या भाराने नळ दाबते. जाड ओतीव लोखंड तग धरतं. पातळ पत्र्याचा मोठा पोलादी नळ मात्र तेलाच्या डब्यासारखा चेपू शकतो. म्हणजे व्हॉल बंद पडणं हे नळाच्या जिवावर बेतणारं असतं. आणि तो उघडा असताना भोवती घाण पाणी असेल, तर श्वासाबरोबर ती घाणही आत जाऊ शकते. म्हणून व्हॉलभोवतीची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. महानगराचं आरोग्य रानातल्या एका डबक्यावर अवलंबून असू शकतं, हे शंभर किलोमीटरवर तोटी उघडणाऱ्याच्या मनातही येत नाही.

आणि दादीचं खरं? १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला. मुंबईचे नामवंत इंजिनिअर नानासाहेब मोडक यांचं नाव त्याला दिलं आहे. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आली, मग ऐंशीच्या दशकात भातसा, अलीकडे मध्य वैतरणा. भातसाचं पाणी नदीने पिसेपर्यंत जातं, तिथे ते उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग नळात घालतात. मुंबईला आज रोज मिळणाऱ्या जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं असतं. यांतलं काही आमच्या तालुक्याच्या अंगणात, काही शेजारी. या पाण्याखाली गावं गेली, भातखाचरं गेली, कबरी आणि देवळं गेली. आणि तरी उन्हाळा आला की शहापुरातल्या गावापाड्यांवर टँकर फिरतात. हे अलीकडच्या वर्षांतही चुकलेलं नाही. वाऱ्यासाठी ठेवलेल्या भोकातून पाणी भरण्याची वेळ माणसांवर यावी, हा त्या गोळ्याचा दोष नव्हे. नळ आखताना टेकडीवरच्या हवेचा विचार झाला, खाडीचा झाला, गंजाचा झाला. वाटेवरच्या माणसांसाठी एक तोटी ठेवायचा विचार त्या नकाशात नव्हता. १८९२ च्या साहेबाला तो सुचला नाही, हे समजू शकतं. पुढे नळ वाढत गेले, राज्य आपलं झालं, आणि तरीही कितीतरी पाड्यांच्या वाट्याला व्हॉलच राहिला.

आता नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचं पाणी सह्याद्रीवरून उताराने शहापूरच्या गावांमध्ये आणायची योजना हाती घेतलेली आहे. ती पूर्ण होईल तो दिवस आमच्यासाठी ईद आणि दिवाळी दोन्ही असेल. पण एक विनंती मी फिटरच्या भाषेत करतो. हे पाणी घाट उतरून, टेकड्या चढून, पाड्यापाड्यांवर जाणार आहे. वाटेत शेकडो कमानी आहेत. प्रत्येक माथ्यावर हवेला रस्ता ठेवा. त्याभोवती चौथरा बांधा, झाकण ठेवा, आणि त्याची देखभाल करणारा एक माणूस ठेवा, पाना घेऊन फिरणारा. पाण्याच्या योजना धरण आटल्यानेच बंद पडतात असं नाही. उद्घाटन होतं, फीत कापली जाते, पहिल्या उन्हाळ्यात नळ एकदा रिकामा होतो, पुन्हा भरतात, आणि शेवटच्या पाड्याला पाणी पोचत नाही. लोक म्हणतात, योजना फसली. कदाचित तिला फक्त दम लागलेला असतो.

भाचीचा परवा पुन्हा फोन आला. तिकडे थंडी पुन्हा सुरू झाली आहे. ती बोटाएवढी किल्ली तिने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवली आहे म्हणाली. थंडी सुरू झाली की बॉयलर चालू करण्याआधी घरभर एक फेरी मारायची, प्रत्येक पेटीचा आवाज ऐकायचा, असा तिचा नेम झाला आहे. मी विचारलं, "आणि पाणी येतं तेव्हा काय करतेस?"

"काय करणार? बंद करते. फडक्यावर चार थेंब पडतात." मग थोडं थांबून म्हणाली, "मामू, ते चार थेंब पुसताना मात्र बरं वाटत नाही. वाटतं, खाली कळशी धरावी."